पेपरचे पैसे भरण्याआधी ग्रंथालयात विचारा

मागच्या अंकात आम्ही रिसर्च जर्नलबद्दल, म्हणजे संशोधनाचे लेख (पेपर) छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल, प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि ईमेल आले. त्यातले सहा प्रश्न इथं घेतलेत. नावं दिलेली नाहीत, फक्त ठिकाण दिलंय. उत्तरं मी देतेय, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिक विभागात माझी बरीच वर्षं गेली. पहिलं उत्तर लांबलंय, कारण निम्म्या लोकांची अडचण थोड्याफार फरकानं तीच आहे.

मॅडम, मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय. रजिस्ट्रेशन विद्यापीठात आहे पण रिसर्च सेंटर आमच्या कॉलेजात आहे. विषय ऊसतोड कामगारांचं स्थलांतर. सरांनी डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचा १९७८ चा गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा पेपर वाचायला सांगितलाय. तो जर्नल ऑफ पेझंट स्टडीजच्या साइटवर सापडला पण पहिलं पान दाखवून पुढं डॉलरमध्ये पैसे मागतात. माझी फेलोशिप चार महिने झाले आलेली नाही. एवढे पैसे भरू का? दुसरा काही मार्ग आहे का?
(जि. नांदेड)

नाही, अजिबात भरू नकोस. तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नको, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

आधी एक गोष्ट समजून घे. तुझं विद्यापीठ सरकारी आहे ना, मग बऱ्याचशा जर्नलचे पैसे आधीच भरलेले आहेत. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन नावाची योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू झालीये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० जर्नल. केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० च्या वर संस्था यात आहेत. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज असे सगळे मोठे प्रकाशक यात आलेत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे सगळं सांभाळतं. हा पैसा लोकांच्या करातून गेलाय, त्यामुळं तो पेपर मागताना संकोच करायचं काही कारण नाही.

मग साइट पैसे का मागते? कारण तू कोण आहेस हे तिला कळत नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, प्रकाशकाकडे नोंदवलेला असतो. कॅम्पसच्या वायफायवरून उघडलं की आपोआप दार उघडतं. तू कॉलेजातून किंवा घरून मोबाइलच्या नेटवरून उघडतेस, तो पत्ता जिओचा नाहीतर एअरटेलचा, मग साइटच्या दृष्टीनं तू रस्त्यावरून आलेली कुणीतरी. आमच्या ग्रंथालयाच्या पायरीवर रात्री नऊ-साडेनऊला मुलं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी कितीतरी वेळा बघितलीयेत, आत ग्रंथालय बंद झालेलं आणि वायफाय पायरीपर्यंतच येतंय म्हणून. त्यांना घरून लॉगिन करता येतं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

तर घरून असं करायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, पीएचडीचं रजिस्ट्रेशनचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ने, आणि रिमोट ॲक्सेससाठी, म्हणजे बाहेरून वाचण्यासाठी, इन्फेडचा (इन्फ्लिबनेटची संस्थांच्या लॉगिनची सोय) युजर आयडी मागून घे. सेंटर कॉलेजात असलं तरी रजिस्ट्रेशन विद्यापीठात आहे, तेव्हा तू त्यांची विद्यार्थिनी आहेस हे नीट सांग. समोरच्या माणसाला माहीत नसेल तर ई-रिसोर्सेस कोण बघतं ते विचार आणि त्यांनाच भेट, काउंटरवरच्या माणसाशी वाद घालत बसू नकोस. आयडी मिळाला की जर्नलच्या पानावर 'ॲक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन' अशा अर्थाचं बटण शोध, ते पैशांच्या आकड्याच्या वर नाहीतर खाली बारीक अक्षरात असतं. ते दाबल्यावर संस्थेचं नाव विचारतात. इथं बरीच मुलं अडतात. नाव टाइप केलं आणि यादीत आलं नाही की त्यांना वाटतं आपलं विद्यापीठच नाहीये. पण काही विद्यापीठांची नावं बदललीयेत, काहींच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं नोंदलेलं असतं, तेव्हा पूर्ण नाव न टाकता गावाचं नाव नाहीतर नावातला एखादाच शब्द टाकून बघ. फेडरेशन विचारलं तर इन्फेड निवड. नाव निवडलं की लॉगिनचं पान आपल्याकडचं येतं, तिथं आयडी-पासवर्ड टाकायचा आणि परत पेपरवर जायचं.

आता तुझ्या या पेपरची खरी गंमत पुढे आहे. एवढं सगळं नीट करूनही १९७८ चा अंक कदाचित उघडणार नाही. लॉगिन झालेलं दिसेल, वर विद्यापीठाचं नावही दिसेल, तरी त्या पेपरवर कुलूप तसंच. याचं कारण वर्गणी बरेचदा एका ठरावीक वर्षापासून पुढच्या अंकांची असते आणि त्याआधीचे जुने अंक, ज्याला बॅकफाइल म्हणतात, ते प्रकाशक वेगळे विकतात. म्हणून 'आमच्याकडे हे जर्नल आहे' हे ऐकून थांबायचं नाही, 'कुठल्या वर्षापासून आहे' हेही विचारायचं. 

पण ब्रेमन यांचं हे लेखन १९७८ मध्येच जवळजवळ त्याच नावानं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतही आलेलं आहे, ऑगस्टच्या जोडअंकात, खंड १३. आणि हा ईपीडब्ल्यू आपल्याकडच्या जुन्या विद्यापीठांच्या स्टॅकमध्ये, म्हणजे जुने खंड ठेवायच्या कपाटांत, बांधून ठेवलेला बहुतेक मिळतोच. तो जेस्टोरवरही, म्हणजे जर्नलच्या जुन्या अंकांच्या ऑनलाइन संग्रहावरही, आहे. जेस्टोरवर स्वतःच्या ईमेलनं फुकट खातं काढलं तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड करता येत नाहीत, पण वाचून टिपणं काढायला पुरे. तेव्हा एका साइटनं पैसे मागितले म्हणजे दारं बंद झाली असं नसतं. लेखकाचं नाव आणि शीर्षकातले दोन-तीन ठळक शब्द गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधनाचे लेख शोधायच्या साइटवर, टाकायचे आणि खालच्या 'ऑल व्हर्जन्स'वर क्लिक करायचं, तोच लेख अजून कुठं कुठं आहे ते तिथं दिसतं. 

त्या पेपरमधले बरेचसे मजूर खानदेशातून बारडोलीला जाणारे आहेत, कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडीची) आणि उचलीची (आगाऊ घेतलेल्या पैशांची) सगळी हकीकत त्यात येते. तुझा जिल्हा वेगळा असला तरी वाच, सरांनी बरोबर सांगितलंय.

एक शेवटचं. शोधताना 'ऊसतोड' या एकाच शब्दाच्या इंग्रजी भाषांतरावर थांबू नको. कुणी शुगरकेन कटर लिहितं, कुणी केन हार्वेस्टर, कुणी नुसतं सीझनल मायग्रंट. 'शुगरकेन' जोडून आणि 'शुगर केन' तोडून, दोन्ही टाक. दोन पर्यायी शब्दांच्या मधे इंग्रजी मोठ्या अक्षरात ऑर (OR) लिही, शब्द अगदी तसेच एकापुढं एक हवे असतील तर अवतरण चिन्हात टाक. आणि फक्त समाजशास्त्राच्या जर्नलमध्ये शोधू नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचा प्रश्न २०१९ मध्ये चर्चेत आला, त्यावरचं लेखन आरोग्याच्या जर्नलमध्येही आहे, ते पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर, शोधलंस तर सापडेल.

आमच्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर मी पेपरचं नाव टाकून शोधतो तर कायम 'नो रिझल्ट' येतं. गूगलवर तोच पेपर दिसतो. म्हणजे आमच्या ग्रंथालयात काहीच नाहीये का?
(अमरावती)

आहे. तुम्ही चुकीच्या खिडकीशी उभे आहात. ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर जे असतं ते ओपॅक, म्हणजे पूर्वीच्या कार्डांच्या कपाटाचं आजचं रूप. त्यात पुस्तकांची नावं असतात आणि जर्नलची नावं असतात, जर्नलच्या आतल्या एकेका लेखाची नावं नसतात. तेव्हा ओपॅकमध्ये लेखाचं नाव न टाकता जर्नलचं नाव टाका, मग खंड आणि वर्ष कुठून कुठपर्यंत आहे ते दिसेल. लेख शोधायचा तर गूगल स्कॉलर, जेस्टोर, पबमेड यांसारख्या ठिकाणी. जर्नलच्या नावात घोळ होत असेल तर त्याचा आयएसएसएन टाका, तो आठ अंकी नंबर प्रत्येक जर्नलला वेगळा असतो. छापील आवृत्तीचा वेगळा आणि ऑनलाइनचा वेगळा असतो हेही लक्षात ठेवा.

मी तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात शिकवतो. विद्यापीठ इथून दीडशे किलोमीटर. आम्हाला घरबसल्या काही मिळतं का, की प्रत्येक वेळी एसटीनं जायचं?
(जि. नंदुरबार)

सर, तुमच्यासारख्यांसाठीच एन-लिस्ट आहे. इन्फ्लिबनेटनंच २०१० मध्ये कॉलेजांसाठी सुरू केलं, यात ६,००० च्या वर ई-जर्नल आणि लाखभराच्या वर ई-पुस्तकं आहेत. कॉलेजनं वर्षाची फी भरून मेंबर व्हायचं आणि ग्रंथपालांनी प्राध्यापकांची, विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल त्यात टाकायचे, मग प्रत्येकाला स्वतःचा आयडी येतो आणि तो कुठूनही चालतो, घरून, गावावरून, मोबाइलवरून.

अडचण कुठं होते ते मला माहितीये. पुष्कळ कॉलेजं मेंबर आहेत, फी वेळेवर जातेय, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या रिपोर्टमध्ये उल्लेखही आहे, पण आयडी मोजक्या चार-पाच लोकांचेच काढलेत आणि बाकीच्यांना ही सोय आहे हेच माहीत नाही. तुम्ही उद्याच तुमच्या ग्रंथपालांना दोन गोष्टी विचारा, यंदाची मेंबरशिप चालू आहे का आणि माझा आयडी काढलाय का. काढला असेल तर पासवर्डचा ईमेल स्पॅममध्ये पडलेला असायची बरीच शक्यता आहे. एमएच्या मुलांचेही आयडी काढून घ्या, शक्य झालं तर एक तास वर्गात प्रोजेक्टरवर लॉगिन करून दाखवा. मुलं एकदा बघितलं की शिकतात.

एन-लिस्टमध्येही नसलेला लेख हवा असेल तर डेलनेट या ग्रंथालयांच्या नेटवर्कचं विचारा, कॉलेज मेंबर असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची कॉपी मागवता येते. आणि तरी नाहीच मिळालं तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ईमेल करा. लेखक, शीर्षक, जर्नल, खंड, अंक, वर्ष, पानं हे सगळं नीट लिहून पाठवलं तर एका लेखाची कॉपी पाठवायला बहुतेक ग्रंथपाल नाही म्हणत नाहीत. 'या विषयावर काही असेल तर पाठवा' असं लिहिलं तर मात्र कुणीच काही करू शकत नाही.

आमच्या पीएचडीच्या ग्रुपवर मेसेज आला की यूजीसी केअर लिस्टमधल्या जर्नलमध्ये दोन दिवसांत पेपर छापून देतो, फी पंधराशे. खरं असतं का हे?
(पुणे)

खोटं आहे, पैसे देऊ नका. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केअर लिस्ट ही मान्य जर्नलची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केलीये, आता कुठलं जर्नल चांगलं हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे. आणि दोन दिवसांत कुणी पेपर तपासत नाही, समीक्षकाला वाचायलाच आठवडे लागतात. ग्रंथालयात कुणीतरी ई-जर्नल बघणारं असतं, त्यांना त्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन दाखवा, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, साइट एखाद्या जुन्या जर्नलची नक्कल करून तर काढलेली नाही ना, हे ते दहा मिनिटांत बघून सांगतील. तुमची दोन-तीन वर्षांची मेहनत अशा ठिकाणी गेली तर नंतर तोच पेपर चांगल्या जर्नलला देता येत नाही.

माझे वडील शिक्षक होते. १९७० च्या आसपास त्यांचा एक लेख 'नवभारत' मासिकात आला होता असं ते सांगायचे. आता ते नाहीत. आमच्याकडे अंक नाही, नेमकं साल माहीत नाही. गूगलवर खूप शोधलं पण काहीच येत नाही. कुठं मिळेल?
(सांगली)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मिळायला हवा, पण तो बोटांनी पानं उलटूनच मिळेल, गूगलवर दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. मराठीतली वैचारिक नियतकालिकं, 'नवभारत' असो, 'समाज प्रबोधन पत्रिका' असो, की भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, त्यांचे जुने लेख इंग्रजी जर्नलसारखे नावानिशी इंटरनेटवर शोधता येत नाहीत. पण कागदावर ते जपलेले आहेत.

तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आधी फोन करून विचारा की 'नवभारत'चे १९६५ ते १९७५ चे खंड आहेत का आणि बाहेरच्या माणसाला बसून बघायची परवानगी कशी मिळते. तिथं काही वर्षं कमी पडली तर वाईला जा, 'नवभारत' तिथल्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचंच मासिक. पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, मुंबईत दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

खंड हातात आले की लगेच पानं चाळायला लागू नका. बांधलेल्या खंडाच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी वर्षाची सूची बांधलेली असते, लेखकांच्या नावानं किंवा लेखांच्या नावानं. ती असली तर दहा वर्षांचं काम अर्ध्या तासात होतं. सूची नसेल तर प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर अनुक्रमणिका असते, ती बघत जायचं. बांधणी करताना काही ठिकाणी मुखपृष्ठं काढून टाकलेली असतात, मग मात्र पानं बघावी लागतात. आणि मासिकाचं वर्ष जानेवारीलाच सुरू होतं असं धरून चालू नका, एकाच खंडात दोन सालांचे अंक असू शकतात. वडील नाव कसं लिहायचे तेही आठवा, पूर्ण नाव, नुसती आद्याक्षरं, की टोपणनाव. मी एका गृहस्थांना त्यांच्या आजोबांचा लेख शोधायला मदत करत होते, तीन दिवस सापडला नाही, शेवटी तो आडनावाआधी फक्त दोन अक्षरं असलेला निघाला, आम्ही तेच पान आधी दोनदा उलटून पुढं गेलो होतो.

त्या काळचा कागद आता तपकिरी झालाय, कडा हाताला लागल्या की टेबलावर चुरा पडतो. जुनी बांधणी घट्ट असते, दोऱ्यानं आतला समास खाल्लेला असतो, त्यामुळं झेरॉक्सवर खंड दाबला तर पाठ फाटते आणि तरीही आतल्या बाजूची अक्षरं येत नाहीत. झेरॉक्स मागूच नका. परवानगी घेऊन मोबाइलनं फोटो काढा, खिडकीजवळच्या टेबलावर, फ्लॅश बंद ठेवून, खंड जितका सहज उघडतो तितकाच उघडून. लेखाबरोबर त्या अंकाच्या अनुक्रमणिकेचा आणि खंडाच्या पहिल्या पानाचाही फोटो घ्या, म्हणजे महिना, वर्ष, अंक सगळं तुमच्याकडं राहील. सापडला तर मला कळवा, ताई.

मी रिटायर्ड शिक्षक आहे, मोडी आणि स्थानिक इतिहासाचा नाद आहे. कुठल्याच विद्यापीठात माझं नाव नाही. मला जर्नल वाचायला मिळतील का?
(चिपळूण)

मिळतील. तुमच्याकडं विद्यापीठाचं लॉगिन नाही, पण त्यावाचूनही बरंच वाचता येतं. जेस्टोरच्या फुकट खात्याचं वर सांगितलंच. कुणाच्याही लॉगिनशिवाय वाचता येणारी जर्नल शोधायला डीओएजे ही यादी आहे, २००३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठानं सुरू केलेली. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं छोटं एक्स्टेन्शन बसवून घ्या, पेपरच्या पानावर कायदेशीर फुकट प्रत कुठं असेल तर बाजूला हिरवं कुलूप दिसतं, त्यावर क्लिक करायचं. नातवाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या विषयासाठी शोधगंगा नक्की बघा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथं आहेत, मराठीतलेही, आणि वाचायला काहीही लागत नाही. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा. कोकणच्या वतनांवर नाहीतर बंदरांवर कुणी प्रबंध लिहिला असेल तर त्यानं चार-पाच वर्षं फिरून गोळा केलेली जर्नलची, दप्तरांची, जुन्या लेखांची यादी तुम्हाला तयार मिळते.

एखादा नवा पेपर कुठंच मिळाला नाही तर लेखकाला सरळ ईमेल करा, पत्ता बहुतेकदा पेपरच्या पहिल्याच पानावर असतो आणि ते पान बरेचदा फुकट दिसतं. मी कोण, कशावर काम करतोय, आपला हा लेख वाचायचाय, एवढ्या तीन ओळी पुरतात. बहुतेक लेखक आनंदानं पाठवतात, आपला लेख कुणीतरी मागून वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतं.

आणि मुंबईला जाणं झालं तर विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसवरच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला एक-दोन दिवस बसू देतात का ते आधी फोन करून विचारा. आधारकार्ड, एक फोटो, आणि शक्य असेल तर एखाद्या कॉलेजच्या प्राचार्यांचं दोन ओळींचं पत्र जवळ ठेवा. जाताना पेन ड्राइव्ह न्या. काय शोधायचंय त्याची यादी लेखक, जर्नल, खंड, साल अशी घरूनच लिहून न्या, आणि रविवार किंवा सणाची सुट्टी आडवी येत नाही ना ते बघून मगच गाडीचं रिझर्व्हेशन करा.